डाव्या बाजूचे दात

ओर्तुएदा, ३ ऑक्टोबर १९९३

कोमारे नेविना,

हे पत्र तुमच्या दिरांच्या पत्त्यावर तोनाराला पाठवते आहे. तुम्ही तिथे असता हे पोस्टातल्या बाईंनी सांगितलं. मी विचारलं नव्हतं. त्यांनी आपणहून सांगितलं, आणि सांगताना माझ्याकडे गरजेपेक्षा जास्त वेळ बघत राहिल्या.

आठ सप्टेंबरला, जत्रेत, मी तुमच्याशी ज्या आवाजात बोलले त्याची मला माफी मागायची आहे. काय बोलले त्याबद्दल आपण कधीतरी शांतपणे बसून बोलू. आवाज मात्र चुकला, तो कुणाशीच तसा चढवायचा नसतो, तुमच्याशी तर नाहीच.

माझी बाजूही तुम्ही समजून घ्यावी. रिमेदियाचा गाल त्या दिवशी सकाळपासून सुजलेला होता. साखर तीनशे वीस. ती पाच वर्षांची असताना तिला मधुमेह निघाला, त्याला आता चार वर्षं झाली, आणि या चार वर्षांतला तिच्या साखरेचा प्रत्येक आकडा माझ्या वहीत आहे. शहरातले डॉक्टर ती वही दुसऱ्या आयांना दाखवतात. इतकं सांभाळूनही पोरीचे दात किडत असतील, हिरड्यांतून रक्त येत असेल, तर कुणीतरी तिला चोरून गोड देतं, दुसरं काय? शाळा सुटल्यापासून मी वाचनालय बंद करेपर्यंत ती तुमच्या स्वयंपाकघरात असायची. आणि तुम्ही मध-बदामाची मिठाई, तोर्रोने करता. तुमच्या घराच्या भिंतींनाही मधाचा वास येतो.

माझ्या डायरीत त्या दिवसाखाली एवढंच आहे: 'नेविनाला जाब विचारला.' पण तुमच्या दुकानासमोर रांगेत वीसेक माणसं होती आणि त्यांना सगळं आठवत असणार, तेव्हा तुम्हालाही ते पूर्ण लिहूनच पाठवते. मी म्हणाले, "तू माझ्या पोरीचे दात खाल्लेस. तुला मूल नाही, म्हणून दुसऱ्याच्या मुलाला गोड चारून आपलंसं करतेस." तुमच्या हातात तोर्रोने कापायची मोठी सुरी होती. तुम्ही ती फडक्याने पुसलीत आणि म्हणालात, "मी तिला एक तुकडा जरी दिला असेल ना, तर हा हात झडो." मी म्हणाले, "शपथा तुझ्याकडे किलोवर मिळतात."

चौदाव्या वर्षी सांतु जुआन्नेच्या सणाला पेटवलेल्या जाळावरून आपण दोघींनी एकाच रुमालाची टोकं धरून उड्या मारल्या, रुमालाला तीन गाठी मारल्या, आणि कोमारे झालो. आईनंतरचं नातं. त्या दिवसापासून अगं-तुगं संपलं, एकमेकींना तुम्ही म्हणायचं. बत्तीस वर्षांत तुम्ही एकदाही चुकला नाहीत. नवऱ्याच्या मयतीला माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडताना, शुद्ध नसल्यासारख्या झाल्या होतात तेव्हाही, मला तुम्हीच म्हणत होतात. मी वीस माणसांसमोर तुम्हाला तू म्हणाले. त्याचीही माफी.

दुपारी चारला, जत्रा ऐन भरात असताना, तुम्ही दुकान आवरलंत. एल्मच्या झाडाखालची ती जागा रात्रीपर्यंत तशीच राहिली.

रिमेदिया रोज विचारते. तुम्ही दिरांना मदत करायला गेला आहात असं तिला सांगितलं आहे.

अंतिओका


ओर्तुएदा, ४ नोव्हेंबर १९९३

कोमारे नेविना,

मागच्या पत्रातलं एक वाक्य मागे घेते. साखरेचा प्रत्येक आकडा वहीत आहे असं मी लिहिलं होतं. ते तंतोतंत खरं नाही. याहून जास्त आज लिहिता येत नाही.

परवा मृतात्म्यांच्या दिवशी मुलं पिशव्या घेऊन दारोदार आली. रिमेदियाही गेली. मी नको म्हणत होते, पण तिचा बाप बास्तियानो नेमका त्याच दिवशी जहाजावरून घरी आला होता, तो म्हणाला, "जाऊ दे तिला. आत्म्यांच्या नावाने मागतेय, तुझ्या नावाने नाही." संध्याकाळी ती परत आली तेव्हा पिशवीत बदाम, कवचातले अक्रोड, एक डाळिंब, भाजलेले चेस्टनट. मनुकांची गोड वडी एकही नव्हती. मी विचारलं तर म्हणाली, "वाटेत वाटून टाकल्या. पिएत्रुक्कियाला चार दिल्या, तिने मला बदाम दिले." नऊ वर्षांच्या मुलीने, कुणी न सांगता, घरी येईपर्यंत पिशवी निवडून ठेवली होती. अशा मुलीला कुणी चोरून गोड चारेल आणि ती खाईल, हे मी कसं धरून चालले? तेव्हा मनात आलेला हा प्रश्न मी डायरीत लिहिला आहे.

काल तिला ओरिस्तानोला दातांच्या डॉक्टर लोद्दो बाईंकडे नेलं. सप्टेंबरात गोळ्यांनी सूज उतरली तेव्हाच न्यायला हवं होतं. मी दोन महिने लावले. डॉक्टर बाई कमी बोलतात, आरसा तोंडात घालून बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "उजवीकडे एकही कीड नाही. ही मुलगी दात नीट घासते, कुणीतरी तिला चांगलं शिकवलंय. डावीकडे वर तीन गेलेत, खाली दोन. ही मागची दाढ बघा, सहाव्या वर्षी आलेली. ही वाचत नाही. आणि बाई, ही दुधाची नाही. ही परत येत नाही."

मी म्हणाले, "कुणीतरी तिला गोड देतं."

"गोड खाणारं मूल दोन्हीकडे चावतं," त्या म्हणाल्या. "हे चावून झालेलं नाही. इथे काहीतरी तासन् तास ठेवलेलं असतं. झोपेत लाळ आटते, तेव्हा ते धुतलंही जात नाही. गालात काही धरून झोपते का ही?"

रिमेदिया खुर्चीत आडवी होती, तोंड उघडं. तिने मान न हलवता डोळे माझ्याकडे वळवले.

"नाही," मी म्हणाले.

डॉक्टर बाईंनी हातमोजे काढले. दाढेत पू साठला होता, तो असेपर्यंत साखर खाली येणार नाही, आणि साखर खाली आल्याशिवाय जखम भरणार नाही, तेव्हा दाढ रुग्णालयात, मधुमेहाच्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली काढायची, असं त्यांनी ठरवलं.

तुम्हाला एवढंच कळवायचं होतं की फक्त डावी बाजू.

अंतिओका


ओर्तुएदा, १२ डिसेंबर १९९३

कोमारे नेविना,

तुमचं कार्ड मिळालं. एका ओळीचं. 'रिमेदियाला विचारा मी तिला काय दिलं.'

विचारलं. ती उठली, दप्तराच्या आतल्या कप्प्यातून रुमालात गुंडाळलेला एक ब्रश काढून तिने माझ्यासमोर ठेवला. हिरव्या दांड्याचा. केस झिजून आडवे झालेले.

"शाळेतून आल्यावर आधी हे," ती म्हणाली. "मग जेवण, मग परत हे. त्याशिवाय कोमारे मला ओट्यापाशी उभं राहू द्यायच्या नाहीत. जत्रेच्या दिवशी निघताना त्यांनीच तो दप्तरात टाकला. आता मी शाळेत घासते, नळावर."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू म्हणाली होतीस ना, रक्त येतं तर घासू नको."

हे मी म्हणाले होते. गेल्या वर्षी मी तिच्या थुंकीत रक्त पाहिलं, घाबरले, आणि हिरड्या बऱ्या होईपर्यंत ब्रश लावू नकोस म्हणून सांगितलं. कुणाला विचारलं नाही. मी पदवीधर बाई, गावाचं वाचनालय माझ्या ताब्यात, आरोग्याची तीन पुस्तकं कपाटात. एकही उघडून बघितलं नाही. तुम्ही तिला काय सांगितलंत तेही तिने तुमच्याच आवाजात म्हणून दाखवलं: "रक्त येतंय म्हणूनच घास. हळू, पण घास. हे बघ माझे." आणि तुम्ही कवळी काढून तिच्या हातात दिलीत. "कढईतला मध चाखून चाखून तिशीत सगळे गेले. तोर्रोनेवाल्यांच्या घरात हसणारा माणूस बघितलायस का कधी? आम्ही ओठ मिटून हसतो." बत्तीस वर्षांत मला माहीत नव्हतं की तुमचे दात तुमचे नाहीत.

इथे थांबले असते तर बरं झालं असतं. पण नोव्हेंबरातलं सांगायचं राहिलं आहे.

दाढ सव्वीस तारखेला काढली. सकाळी, न्याहारी आणि इन्सुलिन झाल्यावर. त्याआधी दोन दिवस तिला रुग्णालयात ठेवलं होतं, साखर ताळ्यावर येईना म्हणून. पहिल्याच दिवशी मधुमेहाचे डॉक्टर तिच्या खाटेवर बसले. चांगले आहेत ते, मुलांशी मुलांसारखे बोलतात. म्हणाले, "रिमेदिया, मी रागावणार नाही. तुला गोड कोण देतं?"

ती भिंतीकडे बघत होती. म्हणाली, "कोमारे नेविना."

मी तिचा कोट हातात घेऊन खाटेच्या पायथ्याशी उभी होते. डॉक्टरांनी तुमचं नाव कागदावर लिहिलं, आडनाव मला विचारलं, आणि मी सांगितलं.

परतीच्या बसमध्ये गालाला बर्फाची पिशवी लावून ती माझ्या मांडीवर आडवी झाली होती. गाव दिसायला लागलं तेव्हा हळूच म्हणाली, "आई, मी बरोबर सांगितलं ना?"

अंतिओका


ओर्तुएदा, ६ मार्च १९९४

कोमारे नेविना,

हे पत्र तीन महिने लिहिते आहे. आधीचे चार मसुदे मी फाडले, कारण प्रत्येकात मी शेवटी स्वतःला माफ करून टाकत होते. या वेळी घटना ज्या क्रमाने झाल्या त्याच क्रमाने लिहिते.

संध्याकाळचं इन्सुलिन पहाटे तीनच्या सुमाराला सगळ्यात जोरात असतं. त्या वेळी मुलाची साखर फार खाली जाऊ शकते. डॉक्टरांनी पहिल्या दिवसापासून सांगितलं होतं: तीनला उठा, बोट टोचा, कमी असेल तर दूध किंवा रस द्या, आणि मग तोंड धुवायला लावा. अडीच वर्षं मी उठले. बास्तियानो महिन्यातले चार दिवस घरी, तेव्हा तो उठायचा. बाकी मी. सकाळी साडेसातला उठून तिचा डबा, नऊला वाचनालय.

ब्याण्णवच्या जानेवारीत मला ताप होता आणि गजर ऐकू आला नाही. पाचला उठले तर रिमेदिया घामाने भिजलेली, हाक मारली तर उत्तर नाही, डोळे अर्धे उघडे. रस संपला होता. टेबलावर तुमचा नाताळचा तोर्रोने होता. तुम्ही तो देताना बजावलं होतंत, "हा तुमच्यासाठी आणि बास्तियानोसाठी. पोरीसाठी नाही." मी त्याचा तुकडा तोडून तिच्या गालात कोंबला. दहा मिनिटांनी तिने मला ओळखलं.

त्याबद्दल मला लाज नाही. त्या रात्री तोर्रोनेने तिला वाचवलं.

लाज दुसऱ्या रात्रीची आहे. दुसऱ्या रात्री मी दहा वाजताच, तिने दात घासून झाल्यावर, झोपण्याआधी तुकडा दिला. म्हणजे पहाटे साखर पडणार नाही. म्हणजे मला उठायला नको. सकाळी साखर एकशे साठ, आणि मी सात तास सलग झोपले होते. कोमारे, त्या सकाळी मी खिडकीत उभी राहून कॉफी प्यायले आणि मला इतकं बरं वाटलं की मी गाणं गुणगुणत होते. डायरीत आहे ते.

मग रोज. तुकड्यातले बदाम मी स्वतःच्या दातांनी काढून टाकायची, झोपेत तिच्या घशात अडकू नयेत म्हणून. इतकी काळजी घेत होते मी. पांढरा चिवट भाग तेवढा गालात ठेवायचा, 'चावू नको, हळूहळू विरघळू दे' म्हणायचं, दिवा घालवायचा. तिचा पलंग भिंतीला लागून आहे आणि मी उजव्या हाताची. म्हणून डावा गाल.

साखर नाही, मध आहे, असं मी स्वतःला सांगायची. जत्रेतल्या प्रत्येक दुकानावर हेच ओरडून सांगतात: साखरेचा कण नाही, फक्त मध. आजींपासून ऐकत आलो आपण. मी ते अशा मुलीच्या बाबतीत खरं मानलं जिच्या बोटातून दिवसात चार वेळा रक्त काढते.

वहीत पहाटे तीनचा रकाना असतो. त्यात मी सकाळी, कॉफी पिताना, आकडे लिहायची. एकशे दहा. एकशे पंचवीस. कधी मुद्दाम नव्वद, खरं वाटावं म्हणून.

तुकडे संपले की तोनाराच्या एका दुकानातून आणायची, तुमच्याकडून नाही. पुस्तकांच्या मागे ठेवायची. रिमेदियाला सांगितलं होतं, "हे आपलं दोघींचं. बाबांना नाही, डॉक्टरांना नाही, कोमारेंनाही नाही." तुम्ही रोज तिच्याकडून दात घासून घेत होतात, आणि ती रोज ते गुपित तोंडात घेऊन तुमच्यासमोर उभी राहत होती.

बावीस महिने. आणि हे शेवटचं, जे चारही मसुद्यांत मी गाळलं होतं: आठ सप्टेंबरला जत्रेत तुम्हाला तसं बोलून मी घरी आले, तिच्या सुजलेल्या गालाला मलम लावला, आणि रात्री दहाला तुकडा कापला. डॉक्टर लोद्दोंनी विचारलं त्या दिवसापर्यंत कापत होते.

मला माहीत होतं का? हा प्रश्न मी स्वतःला रोज विचारते. जत्रेत तुमच्यावर ओरडताना मला माहीत होतं का? प्रामाणिकपणे लिहायचं तर, माहीत होतं असं नाही आणि माहीत नव्हतं असंही नाही. मी तिकडे बघतच नव्हते. आणि बघायला लागू नये म्हणून मला तातडीने दुसरं कुणीतरी हवं होतं. तुम्ही समोर होतात, हातात तोर्रोने घेऊन.

फेब्रुवारीत मी डॉक्टरांना सांगितलं. वही पुढे ठेवली आणि म्हणाले, पहाटे तीनचे आकडे खोटे आहेत. ते बराच वेळ पानं उलटत राहिले.

"ही वही मी सहा आयांना दाखवली," ते म्हणाले. "त्यातली एक रडली होती. म्हणाली, मला असं जमत नाही."

मग त्यांनी कामाचं सांगितलं. संध्याकाळचं इन्सुलिन कमी केलं, त्याची वेळ पुढे नेली. झोपण्याआधी दूध आणि पाव, पण ब्रशच्या आधी, नंतर नाही. पहाटे उठणं सुटत नाही, मात्र रोज एकटीने नाही: बास्तियानोची बहीण आठवड्यात दोन रात्री येते आता. दर तीन महिन्यांनी दातांच्या डॉक्टरांकडे. मी म्हणाले, मला एकटीला झेपत नाही हे मी आधी का नाही सांगितलं? ते म्हणाले, "वही इतकी सुंदर होती, आम्हीही विचारलं नाही."

निघताना मी म्हणाले, नोव्हेंबरच्या कागदावर एक नाव आहे, ते खोडा. त्यांनी कागद शोधला, तुमचं नाव खोडलं, शेजारी सही केली. मग मान वर न करता म्हणाले, "माझ्या कागदावरून मी खोडलं. तुमच्या गावातून मला खोडता येणार नाही."

रिमेदियाशीही बोलले. म्हटलं, तू माझ्यासाठी खोटं बोललीस, ती माझी चूक, पुन्हा बोलायचं नाही. तिने विचार केला आणि म्हणाली, "मग तुला कुणी ओरडलं तर?"

आता मी पहाटे उठते. बोट टोचण्याआधी ती दचकू नये म्हणून गालाला हात लावते. आणि कोमारे, मी गालाला हात लावला की ती झोपेतच तोंड उघडते. डोळे मिटलेले, श्वास संथ, आणि तोंड उघडून वाट बघते. चार महिने झाले मी काही दिलेलं नाही. तरी रोज उघडते.

अंतिओका


ओर्तुएदा, १० सप्टेंबर १९९४

कोमारे नेविना,

परवा तुम्ही जत्रेला आलात. जे तुमच्यासमोर झालं ते तुम्हाला माहीत आहे, तरी मी माझ्या बाजूने लिहिते, कारण तुम्ही का बोलावल्या गेलात हे कदाचित तुम्हाला नीट कुणी सांगितलं नसेल.

वीस ऑगस्टला जत्रेच्या दुकानांच्या जागा ठरवायला चर्चच्या मागच्या खोलीत बैठक होती. समितीचा प्रमुख गोनारिओ म्हणाला, "एल्मखालची जागा देसुलो गावचा एक जण मागतोय. नेविना काही आता येत नाही, देऊन टाकू."

मी उभी राहिले. "ती जागा नेविनाची आहे."

"ती स्वतःच उठून गेली, अंतिओका. आम्ही नाही हाकललं."

"मी हाकललं," मी म्हणाले. आणि मग सगळं सांगितलं. तुम्हाला मार्चमध्ये लिहिलं तेच, त्याच क्रमाने. जत्रेत तुम्हाला काय म्हणाले होते ते पुन्हा मोठ्याने म्हटलं, आणि ते खोटं होतं असं म्हटलं. बदाम काढून टाकायची तेही सांगितलं.

मागच्या बाकावरून एक पुरुष म्हणाला, "एवढी पुस्तकं वाचून हे शिकलीस होय," आणि दोघं-तिघं हसले. मी बसले नाही. मला वाटलं बसले तर संपलं असं होईल.

त्सिया ग्रास्सिया, सगळ्या गावाची मावशी, पहिल्या रांगेत काठी टेकून बसली होती. ऐंशीच्या पुढची आहे, गावातल्या अर्ध्या मुलांची सुईण तीच होती. तिने वळून विचारलं, "झोप तरी लागायची का गं तुला?"

"हो, त्सिया."

"छान लागायची?"

"छान लागायची."

"मग बरं," ती म्हणाली. "दात अगदीच फुकट नाही गेले म्हणायचे."

ती टोमणा मारत होती की आणखी काही, हे मला अजून कळलेलं नाही. तिने दहा मुलं वाढवली आहेत. गोनारिओने पेन्सिल ओली केली आणि म्हणाला, "नेविना, एल्मखाली. पुढे."

माझ्या पत्रांमुळे तुम्ही आलात की गोनारिओच्या फोनमुळे, हे मी विचारणार नाही. सकाळी सहाला तुमची गाडी आली तेव्हा रिमेदिया खिडकीतच होती. मी खाली पोचेपर्यंत ती तुमच्यापाशी गेली होती. तुम्ही तिला मिठी मारली नाहीत. तिची हनुवटी धरून तोंड उन्हाकडे वळवलंत आणि म्हणालात, "आ कर." मग अंगठा आत घालून डावीकडची रिकामी जागा चाचपलीत, बैल विकत घेताना माणसं बघतात तशी.

"इथे अन्न साठतं?"

"साठतं."

"मग इथे जास्त वेळ घास. ब्रश बदललास?"

"बदलला. आता दोन आहेत. एक शाळेत."

"शहाणी आहेस. आईवर नाही गेलीस," तुम्ही म्हणालात, आणि रिमेदिया हसली. मोकळं, तोंड भरून, डावीकडची फट दिसेल असं. वर्षभरात मी तिला तसं हसताना पाहिलं नव्हतं. आणि मग तुम्हीही हसलात, ओठ मिटून.

दहा वाजता मी रांगेत उभी राहिले. माझ्या पुढे अकरा माणसं होती. मला माहीत होतं की सगळे बघत आहेत. त्यासाठीच उभी होते, आणि त्यातही मी थोडा तमाशा करते आहे का, हेही स्वतःला विचारत होते. माझा नंबर आला. तुम्ही सुरी पुसलीत.

"अर्धा किलो," मी म्हणाले. घरी कुणी खाणार नव्हतं. पण दुसरं काय म्हणायचं ते सुचलं नाही.

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. म्हणालात, "तुम्हाला नाही, कोमारे." मग माझ्या खांद्यावरून पलीकडे बघून, "पुढे कोण आहे?"

मी बाजूला झाले. वाटेत दोघींनी नजर चुकवली. मला वाईट वाटलं नाही. तुम्ही म्हणालात ते बरोबर आहे: माझ्या घरात तुमचा तोर्रोने पुन्हा येऊ नये. मला कोमारे म्हणालात ते मनापासून की तेहेतीस वर्षांच्या सवयीने, हे मला कळलं नाही, आणि विचारायचा अधिकार मला आहे असं वाटत नाही. हे पत्र त्यासाठी नाही. उत्तराची वाट बघणार नाही, असंही लिहिणार होते, पण तेही खोटं झालं असतं.

पत्र एका गोष्टीसाठी आहे. ती तुमच्याशिवाय सांगण्यासारखं कुणी नाही, कारण बाकी कुणाला ती गोष्ट वाटणार नाही.

काल पहाटे तीनला मी उठले. दिवा न लावता तिच्यापाशी गेले, नेहमीसारखा डाव्या गालाला हात लावला. तोंड मिटलेलं राहिलं. मला वाटलं हात नीट लागला नसेल, म्हणून पुन्हा लावला. तिने झोपेत माझा हात बाजूला सारला आणि भिंतीकडे कूस बदलली. मग बोट टोचलं.

एकशे अठरा. वहीत तोच लिहिला.

अंतिओका